पुठ्ठ्याचा कॉम्प्युटर

जळगावात सॉफ्टवेअरचा धंदा करणारा एक माणूस होता आणि त्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरपेक्षा पुठ्ठे जास्त होते, असं मी सांगायला लागले की पुण्यातले माझे सहकारी स्क्रीनवर हसतात. हसू देत. ‘होता’ हे मात्र माझ्या तोंडून चुकून जातं. माणूस आहे. धुळ्यात आपल्या मुलीकडे आहे. पण मधले काही महिने आम्ही सगळेच त्यांच्याबद्दल ‘होते, होते’ असं बोलत होतो, काही जण तर त्यांच्या समोर बसून, आणि त्याचा मला अजून राग येतो.

आम्ही त्यांना सर म्हणायचो. कामानिमित्त येणारे गावाकडचे लोक भाऊ म्हणायचे. उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशात पेन नाही. तिथे एक बोथट कात्री आणि लाल स्केचपेन. गल्लीत कुणाकडे नवीन फ्रीज आला की लोक फ्रीज बघायला जातात, सर खोकं मागायला जायचे. मोठ्या टीव्हीचं खोकं मिळालं तर दिवसभर खुशीत असायचे. ऑफिस म्हणजे त्यांच्या राहत्या घराची पुढची खोली. तिथे चार कॉम्प्युटर, एक हात मोडलेली प्लास्टिकची खुर्ची आणि भिंतीला टेकवून ठेवलेले पुठ्ठेच पुठ्ठे.

मी मुलाखतीला गेले तेव्हा माझ्या फाइलमध्ये सगळी सर्टिफिकिटं नीट लावलेली होती. सरांनी फाइल उघडलीच नाही.

“कुठून आलीस?”

“चाळीसगावहून. रोज रेल्वेने येईन.”

त्यांनी माझ्यापुढे कात्री आणि पुठ्ठा सरकवला. “चौकोनी खिडकी काप.”

कॉम्प्युटर इंजिनिअर होऊन बालवाडीत आल्यासारखं वाटलं. रागारागात कापलं, ते अर्थात वाकडं गेलं. सरांनी ते उजेडात धरून बघितलं. “छान. वाकडं कापलेलं फाडताना जिवावर येत नाही. एकदा का माणूस सुबक काही करून बसला, की त्याला चूक दाखवलेली खपत नाही. सोमवारपासून ये, चाळीसगाव.” त्या दिवसापासून माझं नाव चाळीसगाव पडलं. माझ्याआधी लागलेल्या मुलाचं नाव वरणगाव होतं. आईबापांनी ठेवलेली नावं त्यांच्या लेखी पगाराच्या दिवसापुरती.

आणि हाच माणूस ‘यूजर’ हा शब्द कुणी उच्चारला तर ऐकून घ्यायचा नाही. मी पहिल्याच आठवड्यात म्हणाले, “सर, यूजर इथे क्लिक करेल.” त्यांनी विचारलं, “कोण यूजर? नाव नाही का त्याला?” मला नाव माहीत नव्हतं. मग त्या गिऱ्हाइकाच्या दुकानात जाऊन बिलं करणाऱ्या बाईंचं नाव विचारून यावं लागलं. परत आल्यावर ‘सुमनबाई इथे बोट लावतील’ असं मी म्हटलं तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली.

सरांची पद्धत अशी. बाकीचे सॉफ्टवेअरवाले गिऱ्हाइकाला ‘तुम्हाला काय काय हवंय’ ते विचारून जाडजूड कागदपत्र करत, त्यावर सह्या घेत, सहा-सात महिने गायब होत आणि मग चकाचक काहीतरी घेऊन येत. ते कुणाच्याच कामाचं नसे, पण सह्या झालेल्या असल्यामुळे दोष गिऱ्हाइकाचा. सर म्हणायचे, “माणसाला काय हवंय ते त्याला विचारू नका, त्याला सांगता येत नाही. त्याचा हात कुठे जातो ते बघा.” म्हणून पहिल्या दिवशी आम्हाला रिकाम्या हाताने पाठवायचे. लॅपटॉप नाही, वही नाही, फोन खिशात. काम चालतं तिथे कोपऱ्यात बसायचं आणि बघायचं. दुसऱ्या दिवशी पुठ्ठा.

खोक्याच्या एका बाजूला खिडकी कापायची, ती झाली स्क्रीन. खिडकीत लावायला कागद, त्यावर स्केचपेनने काढलेली बटणं आणि रकाने. ज्याला पुढे ते सॉफ्टवेअर वापरायचंय तो खोक्यासमोर बसणार, आणि खोक्याच्या मागे सर. समोरच्याने कागदावरच्या बटणावर बोट ठेवलं की सर मागून तो कागद ओढून घेणार आणि दुसरा लावणार. तेवढा वेळ सर कॉम्प्युटर. कॉम्प्युटर बोलत नाही, म्हणून सर बोलायचे नाहीत. कुणी चहा पुढे केला तर नजर चहावर, हात मात्र कागदांवर. चुकीचं बटण दाबलं तरी काही सांगायचे नाहीत. आणि पुढे काय दाखवायचं ते ठरलेलंच नसेल तर हात वर तसाच धरून गप्प बसून राहायचे. म्हणजे कॉम्प्युटर हँग झाला.

जामनेरच्या एका जिनिंगमध्ये त्यांना असं हँग झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं. कापसाचे ट्रॅक्टर येतात, आधी भरलेल्या ट्रॅक्टरचं वजन, मग आत जाऊन कापूस खाली करायचा, मग रिकाम्या ट्रॅक्टरचं वजन. दोन्हींतला फरक म्हणजे कापूस. यात अवघड काय आहे, असं म्हणून मी आणि वरणगावने कागद तयार केले: भरलेलं वजन, मग रिकामं वजन, मग पावती. हंगाम नुकताच लागत होता. सर वजनकाट्याच्या केबिनमध्ये खोक्यामागे जाऊन बसले. समोर काट्यावरचे मुनीम. पहिला ट्रॅक्टर आला, मुनीमांनी बोट ठेवलं, भरलेलं वजन झालं. ट्रॅक्टर आत गेला. सरांनी कागद बदलला: ‘रिकामं वजन’. तेवढ्यात काट्यावर दुसरा ट्रॅक्टर चढला. मुनीम बोट दाबताहेत, कागदावर अजून पहिल्याचंच ‘रिकामं वजन’. पहिला तर आत कापूस खाली करतोय. सरांनी हात वर धरला आणि हँग झाले.

मागे तिसरा ट्रॅक्टर आला, चौथा आला. हॉर्न सुरू झाले. मुनीम खोक्यावर थापा मारायला लागले.

“अहो भाऊ, चालत काहून नही तुमचं हे? मागे टॅक्टर उभे आहेत ना भो!”

सर ढिम्म. मुनीम खोक्याच्या वरून डोकावून सरांच्या तोंडासमोर ओरडले, “अहो, जित्ते आहात का?” आणि मग सर उठले, असे आनंदाने की कुणाला वाटावं मुलगा झालाय. “चुकनं! मन्हं चुकनं!” असं म्हणत त्यांनी आमचे सगळे कागद टराटरा फाडले.

ते त्यांचं ठेवणीतलं वाक्य. एरवी ऑफिसात पुस्तकी मराठी बोलणारे सर चूक सापडली की थेट आपल्या धुळ्याकडच्या गावच्या अहिराणीत जायचे. चुकलं, माझं चुकलं. चूक सापडल्याचा इतका आनंद झालेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. परतीच्या बसमध्ये मी फुगून बसले होते, आमची मेहनत फाडली म्हणून. सर म्हणाले, “चाळीसगाव, आज चार ट्रॅक्टर अडले. हेच पक्कं करून दिलं असतं तर ऐन हंगामात रस्त्यापर्यंत रांग लागली असती, आणि तो पठ्ठ्या शिव्या आपल्याला नाही, स्वतःच्या नशिबाला देत बसला असता. चूक पुठ्ठ्यात सापडली. याच्यापेक्षा स्वस्तात कुठे सापडणार?” राग गेला नाही माझा, पण पुन्हा कागद काढले ते मात्र त्या मुनीमांशेजारी बसून.

सरांच्या प्रत्येक कागदावर खाली उजव्या कोपऱ्यात एक लाल चौकोन असायचा. रिकामा. त्याच्यावर नाव नाही. “हे आपल्याला जे सुचलं नाही त्याच्यासाठी,” असं ते म्हणायचे. समोरच्या माणसाने तिथे बोट ठेवलं की त्या एकाच वेळी कॉम्प्युटर बोलायचा, “इथे काय व्हायला हवं होतं?”

जळगावच्या एका मुलांच्या दवाखान्यात हा चौकोन कामाला आला. तिथे पेशंटचे नंबर लावायचे होते. काउंटरवरच्या ताईंनी सगळं नीट केलं आणि मग रिकाम्या चौकोनावर बोट ठेवलं. सरांनी विचारलं. त्या लाजत म्हणाल्या, “नाही म्हणजे... एखादं लेकरू फार रडत असलं की डॉक्टरांना आत कळायला पाहिजे. मी उठून सांगायला जाते तर इथे गर्दी होते.” सरांनी तिथेच चौकोनात लिहिलं, ‘रडतंय’. डॉक्टरांना तो शब्द बरा वाटला नाही, काहीतरी इंग्रजी घाला म्हणाले. सर अडून बसले. “त्या ताई तुम्हाला येऊन काय सांगतात? रडतंय असंच ना?” आजही त्या दवाखान्यात काउंटरवरचं ते बटण दाबलं की डॉक्टरांच्या स्क्रीनवर ‘रडतंय’ असं येतं. मी पुढे पुष्कळ मोठमोठी कामं केली, पण त्या बटणाइतका अभिमान मला कशाचाच नाही.

या सगळ्या कारभारावर मागच्या खोलीतून एक अखंड टीका चालू असायची. ती काकूंची, म्हणजे सरांच्या बायकोची. काकू पाहुण्यांशी गोड, आमच्याशी मायाळू, आणि नवऱ्याशी बोलायला लागल्या की वीज. सकाळी चहा घेऊन त्या पुढच्या खोलीत यायच्या, जमिनीवरची पुठ्ठ्याची कातरणं बघायच्या आणि अहिराणीत सुरू व्हायच्या, आत्ताच झाडलं होतं, एक दिवस सगळा पुठ्ठा चुलीत घालीन म्हणून.

“आतेच झाडं ना मी! घर शे का भंगारनं दुकान शे? कितला डाव सांगं तुम्हले! बठ्ठा पुठ्ठा चुल्हामा घाली दिसू एक दिन!”

“चुकनं, मन्हं चुकनं,” सर म्हणायचे, मान खाली, कात्री चालूच. काकूंची पाठ वळली की खाली एक कातरण मुद्दाम टाकायचे. काकूंना पाठीलाही डोळे होते, त्या दारातूनच फिरायच्या. मग दुसरी फेरी. ही भांडणं ऐकतच आम्ही कोड लिहायला शिकलो. एखाद्या दिवशी काकू माहेरी गेलेल्या असल्या की खोलीत नुसता कीबोर्डचा आवाज, आणि सर तीनदा उठून मागच्या खोलीत जाऊन यायचे, काही न आणता.

मधल्या काळात आमच्या धंद्यात नवी लाट आली. रोज सकाळी उभ्याने मीटिंग घ्यायची, काम दोन-दोन आठवड्यांच्या तुकड्यांत करायचं, त्या तुकड्याला स्प्रिंट म्हणायचं. वरणगाव पुण्याला कसलासा कोर्स करून आला आणि त्याने सरांना हे समजावलं. सर म्हणाले, “उभ्याने तर आपण पहिल्यापासून घेतो, खुर्ची एकच आहे.” स्प्रिंटचं नाव ऐकून म्हणाले, “पळा, पण खाली बघत पळा.” चेष्टा करून झाल्यावर मात्र त्यांनी ती पद्धत मनापासून घेतली. दोन आठवड्यांनी गिऱ्हाइकाला दाखवायचं म्हणजे दर दोन आठवड्यांनी चूक सापडणार, हे त्यांना फार आवडलं.

एआय आलं तेव्हा मी त्यांची नोकरी सोडून पुण्याच्या कंपनीचं काम घरून करायला लागले होते. आता कोड मशीनच लिहिणार म्हणून आमच्यात सगळ्यांचे चेहरे उतरलेले. सरांना भेटायला गेले तर स्वारी खुशीत. “अगं, लिहिण्याचं काम तो करणार म्हणजे आपल्याला माणसांजवळ बसायला वेळच वेळ!” मग त्यांनी माझ्यासमोर त्या मशीनला अहिराणीत लिहिलं, ‘माले काय जोयजे ते मालेच माहीत नही.’ मला काय हवंय ते मलाच माहीत नाही. डोळ्याचं पातं लवायच्या आत शुद्ध मराठीत लांबलचक उत्तर आलं, मुद्द्यांसकट. सर पोट धरून हसले. “चांगला हुशार आहे. पण इतक्या लवकर उत्तर देतोय, म्हणजे ऐकलं कुठे त्याने?”

त्यानंतरच्या हिवाळ्यात त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. मी जळगावच्या दवाखान्यात धावत गेले तेव्हा काकू मला दारातच भेटल्या आणि म्हणाल्या, “तुझे सर हँग झाले गं, चाळीसगाव.” त्या मला एरवी ‘माय’ म्हणायच्या. मी त्यांच्या गळ्यात पडले.

मुलीने दोघांना धुळ्याला आपल्या घरी नेलं. वरणगावने जुनी गिऱ्हाइकं सांभाळली. मी फोनवर चौकशी करायची. मुलगी, म्हणजे आमची ताई, सांगायची की हात थोडा सुधारतोय, बोलणं नाही. एकदा ती फोनवर रडली. “डॉक्टर म्हणतात त्यांना समजतं सगळं, शब्द तेवढे निघत नाहीत. पण मला नाही गं तसं वाटत. मी इतकी धडपड करून टॅबलेट आणलं, त्यात नुसतं चित्रावर बोट ठेवलं की ते आपल्यासाठी बोलतं. बाबा हातच लावत नाहीत. मला वाटतं, आत आता कुणी नाहीये.”

हे शेवटचं वाक्य मला सहन झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी धुळे गाठलं.

सर पलंगावर उशांना टेकून बसले होते, दाढी छान केलेली, इस्त्रीचा शर्ट. खिसा रिकामा. मला बघून त्यांचे डोळे भरून आले, पण ताई म्हणाली की हल्ली ते कुणालाही बघून भरतात. शेजारी टॅबलेट. ताईने दाखवलं: पाण्याच्या चित्रावर बोट ठेवलं की आतून एक गोड बाई म्हणते, ‘मला पाणी हवे आहे.’ सरांनी डाव्या हाताने ते टॅबलेट हळूच, अगदी सभ्यपणे, पलंगाच्या कडेपर्यंत सरकवलं. आणि काकू म्हणाल्या, “नको का? बरं बरं, राहू दे हं. नको तर नको.” काकू सरांशी इतक्या मऊ मराठीत बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. तेव्हा ते माझ्या ध्यानात यायला हवं होतं, पण मी खोक्याच्या विचारात होते.

कोपऱ्यावरच्या दुकानातून खोकं आणलं, कात्री मागितली आणि पलंगावरच बसून कापायला लागले. सर बघत होते. खिडकी नेहमीसारखी वाकडी झाली. त्यांनी डाव्या हाताने खोकं ओढून घेतलं, त्या वाकड्या कडेवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मी ताईला हाक मारली. आत कुणी नाही म्हणे!

कागदावर पाणी, चहा, पंखा, झोप अशी बटणं काढली आणि खाली उजव्या कोपऱ्यात लाल रिकामा चौकोन. आता सर समोर आणि मी खोक्यामागे. सरांनी चहावर बोट ठेवलं. मी कागद बदलला: साखर घालून, बिनसाखरेचा. त्यांना साखर बंद होती. बोट सरळ साखरेवर. ताई हसली, हसता हसता रडायला लागली, काकूंनी पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं, जिंकलं.

मग सरांनी रिकाम्या चौकोनावर बोट ठेवलं.

“इथे काय व्हायला हवं होतं सर?” मी नेमाप्रमाणे विचारलं. आणि विचारल्यावर कळलं की याचं उत्तर देता आलं असतं तर हे खोकं लागलंच नसतं. मी एकेक कागद काढत गेले. जळगावला जायचंय? नाही. वरणगावला फोन? नाही. देवदर्शन, बातम्या, कुठे दुखतंय, कुणाची आठवण येतेय? प्रत्येक कागदावर त्यांचं बोट पुन्हा त्या लाल चौकोनावर. शेवटी ते थकले आणि तोंड भिंतीकडे करून पडून राहिले. मला रडू आलं ते मी खोक्यामागेच उरकलं. पुठ्ठ्याआड बसण्याचा हा एक फायदा सरांनी कधी सांगितला नव्हता.

ताईने मला जाऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा कागद काढायला बसले आणि थांबले. मी काय करत होते? माणसाला काय हवंय ते विचारत होते. पहिल्या दिवशी रिकाम्या हाताने बसायचं, हे सोडून मी आल्या आल्या कात्री घेतली होती. मग स्केचपेन ठेवून दिलं, खोलीच्या कोपऱ्यात स्टूल घेतलं आणि सरांचा हात कुठे जातो ते बघत बसले. खोकं त्यांच्या मांडीशी तसंच होतं.

काकू गोळ्या घेऊन आल्या. “घ्यायच्या ना? घेतल्या? शाब्बास.” सरांचं बोट लाल चौकोनावर. शेजारचे काका-काकू भेटायला आले, ‘ओळखलं का मला’ असं मोठ्याने विचारून गेले. सरांचा हात मांडीवर, हलला नाही. पुन्हा काकू आल्या. “टीव्ही लावू? नको? बरं, नको हं.” बोट चौकोनावर, टक्‌ टक्‌. ताई येऊन उशी सारखी करून गेली, काही नाही. काकू आल्या, बोट गेलं. आणि मग मला लख्ख दिसलं. कालपासून या घरात मी काकूंची अहिराणी ऐकलीच नव्हती.

मी स्वयंपाकघरात गेले. “काकू, तुम्ही सरांशी भांडत नाही का आता?”

काकू पोळी लाटत होत्या. लाटणं थांबलं. “काय भांडू माय? डॉक्टर सांगून गेलेत, त्यांना टेन्शन द्यायचं नाही. आणि हे आंडेरनं, लेकीचं सासर शे. विहीणबाई बाहेर बसलेल्या, माझा आवाज असा. त्या काय म्हणतील?” मग खाली बघत हळू म्हणाल्या, “आणि भांडणाला दोन माणसं लागतात गं. पलीकडून उत्तरच येत नाही.”

“काकू, ते लाल बटण तुमचं आहे. त्यांना तुम्ही भांडायला हव्या आहात.”

“खुळी शे का तू?” काकू म्हणाल्या. “आजारी माणसाशी भांडू?” पण पोळी तव्यावर करपली तरी त्यांचं लक्ष नव्हतं. थोड्या वेळाने हात पुसून खोलीत गेल्या, मी मागोमाग. पलंगासमोर उभ्या राहून त्या म्हणाल्या, “अहो, तुम्ही... तुम्ही ना चष्मा जागेवर ठेवत नाही बघा.” इतकं लेचंपेचं की मलाच लाज वाटली. वाईट डेमो बघताना सरांचा जो चेहरा व्हायचा तो झाला. काकू खजील होऊन झाडू घेऊन आल्या आणि माझी कालची कातरणं झाडायला लागल्या. पलंगाखालून, कोपऱ्यातून, सगळी खोली लख्ख केली. उरलेली कातरणं चादरीवर सरांच्या हाताशी पडली होती.

सरांनी काकूंकडे बघितलं. डावा हात त्या कातरणांच्या ढिगावर ठेवला. पुन्हा काकूंकडे बघितलं, त्या बघताहेत ना याची खात्री केली, आणि सगळा ढीग त्या झाडलेल्या जमिनीवर ढकलून दिला.

काकूंच्या हातात झाडू होता. एक क्षण त्यांचा चेहरा ‘बरं बरं, असू दे’ म्हणण्याच्या बेतात होता. मग महिनाभर, दोन महिने, किती दिवस दाबून ठेवलेलं ते सगळं एकदम वर आलं.

“आतेच झाडं ना मी!” धुळ्याचं ते घर हादरलं. “घर शे का भंगारनं दुकान शे? आंडेरना घर ऊनात तरी तेच! लहान पोऱ्या शेतस का तुम्ही? कितला डाव सांगं तुम्हले! राग शे ते दखाडा ना माले! आसं मुकं राहीसन काय दखतस मन्हाकडे? मी कोणवर वरडू मंग, भिंतवर?” बोलता बोलता त्या रडायला लागल्या, आणि रडत रडत ओरडतच राहिल्या. ताई धावत आली, “आई, अगं काय करतेस!” विहीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

मी सरांकडे बघत होते. त्यांच्या गळ्याची शीर ताठ झाली होती, ओठ वाकडे होऊन काहीतरी शोधत होते. “चु...” मग थांबले. “चुक...”

काकूंचा झाडू हवेतच राहिला.

“चुकनं,” सर म्हणाले. “मन्... चुकनं.”

आवाज घोगरा, अर्धा तोंडातच राहिलेला. पण सूर तोच, जळगावच्या पुढच्या खोलीतला, ज्यात पश्चात्तापाचा लवलेश नसायचा. विहीणबाई डोळे पुसत म्हणाल्या, “भांडा हो तुम्ही, खुशाल भांडा. आमच्या घरात आवाज नाही कुणाला.”

नंतर डॉक्टरांनी सांगितलं की असं होतं. आयुष्यभर रोज तोंडी असलेले शब्द कधीकधी आधी परत येतात. असेल. त्यांना आता वीस-पंचवीस शब्द येतात आणि ते बहुतेक अहिराणीतले, भांडणातले आहेत. मला ते ‘चाळी’ म्हणतात, पुढचं ‘सगाव’ अजून निघत नाही. टॅबलेट ताई स्वतःच्या कामाला वापरते.

त्या दिवशी निघण्याआधी मी स्केचपेन घेतलं आणि विचारलं, “काकू, या चौकोनात काय लिहू?”

काकूंनी माझ्या हातातून पेन काढून घेतलं. “काही लिहू नको. रिकामंच ऱ्हाऊ दे. माले समजस.”

परवा जाऊन आले. खोकं अजून सरांच्या मांडीशी आहे. बाकीची बटणं पुसट झालीत, लाल चौकोन मात्र बोटांनी काळा पडलाय. मी बसले असताना सरांनी त्याच्यावर बोट आपटलं, टक्‌ टक्‌, आणि माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. स्वयंपाकघरातून लगबगीने यायला निघालेल्या काकूंचा आवाज आला, “उनू, उनू! आते काय चुकनं, तुम्हनं का मन्हं?”